संकलकाची साधने आणि मराठी वाक्य

वृत्तपत्राचा ‘संपादक’ आणि चित्रपटाचा ‘संकलक’ या दोघांसाठी इंग्रजीत ‘एडिटर’ हा एकच शब्द आहे. मराठीने मात्र दोन वेगळे शब्द रूढ केले. ‘संकलन’ म्हणजे एकत्र करणे, गोळा करणे. जो व्यवसाय कात्रीचा म्हणून ओळखला जातो, त्याला मराठीने जोडण्याच्या अंगाने नाव दिले आहे. ही निवड जाणीवपूर्वक झाली असेल असे नाही. पण ती समर्पक आहे, हे पुढील विवेचनातून ध्यानात येईल.

मराठी विषय घेऊन पदवी मिळवणारे अनेक विद्यार्थी आज वृत्तवाहिन्या, मालिका आणि लघुपट यांच्या निर्मितीकडे वळतात. त्यांपैकी काहींच्या वाट्याला संकलनाचे टेबल येते. हे काम शिकण्यासाठी इंटरनेटवर बरेच साहित्य उपलब्ध आहे. त्यातून काय मिळते आणि मराठी बोलण्याचे संकलन करणाऱ्याला त्यात काय सापडत नाही, याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

ज्ञानाचा बदललेला मार्ग

फिल्मच्या काळात संकलन हा हातांनी करावयाचा व्यवसाय होता. मूव्हिओला किंवा स्टीनबेक या यंत्रावर फिल्म पाहायची, कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची. साहाय्यक संकलक वर्षानुवर्षे संकलकाच्या शेजारी बसे आणि कोणता तुकडा का टाकला गेला, हे ऐकत-पाहत शिके. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटने या शिक्षणाला अभ्यासक्रमाचे रूप दिले, तरी यंत्राजवळची ती बैठक टिकून राहिली. १९८९ मध्ये ॲव्हिड कंपनीची संगणकीय प्रणाली बाजारात आली. पुढे वॉल्टर मर्च यांना ‘द इंग्लिश पेशंट’ (१९९६) या चित्रपटाच्या संकलनासाठी ऑस्कर मिळाले. संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला मिळालेला तो या विभागातील पहिला ऑस्कर होय. यानंतर संकलक संगणकासमोर एकटा बसू लागला आणि शेजारी बसून शिकण्याची जागा आक्रसत गेली. इंटरनेटवरील साहित्याने ही उणीव काही अंशी भरून काढली आहे.

हे साहित्य स्थूलमानाने दोन प्रकारचे आहे. पहिला प्रकार साधनांचा आणि त्यांविषयीच्या बातम्यांचा. ‘दा विंची रिझॉल्व्ह’ या प्रणालीची एक आवृत्ती विनामूल्य मिळते आणि तिची प्रशिक्षण-पुस्तकेही निर्मात्या कंपनीने विनामूल्य उपलब्ध केली आहेत. ‘केडेनलाइव्ह’ ही तर मुक्तस्रोत प्रणाली आहे. घरी बसून सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला एवढी सामग्री पुरेशी आहे. नव्या आवृत्तीत कोणते बटण कोठे गेले, या बातम्यांचे आयुष्य मात्र अल्प असते. त्यांच्यामागे फार वेळ घालवू नये, असे माझे मत आहे.

दुसरा प्रकार संकलकांच्या मुलाखतींचा. अमेरिकन सिनेमा एडिटर्स या १९५० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे ‘सिनेमाएडिटर’ हे नियतकालिक आणि स्टीव्ह हलफिश यांची ‘आर्ट ऑफ द कट’ ही मुलाखतमाला ही याची उदाहरणे. मुलाखत वाचताना कोणते दृश्य वगळले आणि का, या प्रश्नाचे उत्तर शोधावे. साहाय्यकाला जे शेजारी बसून ऐकायला मिळे, ते येथे बऱ्याच प्रमाणात सापडते. मर्च यांचे ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ हे छोटे पुस्तकही याच जातीचे. चांगल्या कटचे सहा निकष सांगताना ते भावनेला ५१ टक्के, कथेला २३ टक्के आणि लयीला १० टक्के वजन देतात. दृश्यातील अवकाशाची सुसंगती, जिची नवशिक्याला सर्वाधिक चिंता असते, ती यादीच्या तळाशी ४ टक्क्यांवर आहे.

जे या साहित्यात नाही

हे सारे साहित्य प्रामुख्याने इंग्रजीत आहे. भाषा समजण्याची अडचण शब्दकोशाने सुटू शकते. खरी अडचण वेगळी आहे. इंग्रजी बोलणे कापताना आलेल्या अनुभवातून जे संकेत तयार झाले, ते मराठी बोलण्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. कारण मराठी वाक्याचा भार वाक्याच्या शेवटी असतो.

वृत्तवाहिनीवरील ‘बाइट’ घ्या. एखादा अधिकारी म्हणतो, “या प्रकरणात आम्ही कोणालाही पाठीशी घालणार नाही.” इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो, वाक्याचे शेपूट कापले गेले, तरी नकार शिल्लक राहतो. मराठीत ‘नाही’ सर्वांत शेवटी येते, आणि वाक्याच्या अखेरीस आवाज खाली गेल्याने ते पुष्कळदा अस्पष्ट उच्चारले जाते. भारतातील दूरचित्रवाणीत सेकंदाला २५ फ्रेम असतात. घाईत उच्चारलेल्या ‘नाही’ला एक तृतीयांश सेकंद लागतो असे धरले, तर विधान आणि त्याचा निषेध यांच्यामध्ये जेमतेम आठ फ्रेमचे अंतर उरते. वरील वाक्यात ‘कोणालाही’ हा शब्द श्रोत्याला थोडा सावध करतो. “आम्ही ही जमीन देणार नाही” या वाक्यात तेवढाही आधार नाही.

याहून धोक्याची जागा ‘असं’ या शब्दापाशी आहे. “हा पूल धोकादायक आहे असं म्हणणं चुकीचं आहे.” येथे आधी दुसऱ्याचे मत येते, मग ‘असं’, आणि त्यानंतर वक्त्याचे स्वतःचे मत. पहिल्या ‘आहे’पाशी वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण वाटते. बाइट तेथे कापली, तर अभियंत्याच्या तोंडी त्याच्या म्हणण्याच्या नेमके उलट विधान जाते, आणि ऐकणाऱ्याला काही तुटल्याची शंकाही येत नाही. ‘की’ने जोडलेल्या रचनेत हा धोका कमी असतो, “माझं म्हणणं असं की…” या वाक्यात कोणाचे म्हणणे आहे, ते आधीच कळते. म्हणून संकलकाने ‘असं’, ‘म्हणून’, ‘तर’ हे शब्द ऐकू आले की टाइमलाइनवर थांबावे आणि पुढचे क्रियापद येईपर्यंत कट घेऊ नये.

मग वेळ वाचवायचा कोठे? शक्यतो वाक्याच्या आरंभी. मराठी क्रियापदात कर्त्याचे पुरुष-वचन पुष्कळदा उमटलेले असते. “आम्ही उद्या जाऊ” मधील ‘आम्ही’ गेले, तरी अर्थ टिकतो. पण भूतकाळी सकर्मक वाक्यात ही सवलत नाही. “मी त्यांना सांगितलं होतं” मधील ‘मी’ वगळला, तर कोणी सांगितले हेच हरवते, कारण ‘सांगितलं’ हे रूप कर्त्याप्रमाणे बदलत नाही. व्याकरणाच्या पुस्तकातील कर्तरी आणि भावे प्रयोग येथे थेट उपयोगी पडतात.

अलीकडे बोलण्याचे यंत्राने लिखित रूप करून त्या मजकुरातील शब्द खोडायचे आणि त्यासोबत चित्रही कापले जायचे, अशी सोय आली आहे. ॲडोबी प्रीमिअरमध्ये ती २०२३ मध्ये दाखल झाली. भरताडाचे शब्द शोधून काढून टाकणे, हा तिचा एक लोकप्रिय उपयोग. मराठीत ‘म्हणजे’, ‘ना’, ‘तर’ हे शब्द कधी निव्वळ भरताड असतात, कधी नसतात. “तू येतोस” आणि “तू येतोस ना” यांतील दुसरे वाक्य प्रश्न आहे. ‘मीच’मधील ‘च’ एका अक्षराने जबाबदारी स्वीकारतो. हा निवाडा मराठी जाणणाऱ्या माणसानेच करावयाचा आहे.

चित्रपटात कट दिसला तरी चालतो; तो कधी हेतुपुरस्सर दाखवलाही जातो. बातमीत मात्र बोलण्यातील सांध्यावर दुसरे दृश्य टाकून तो झाकण्याची प्रथा आहे. पुलाविषयीच्या बाइटवर पुलाचे चित्र आले की वाक्य कोठे तुटले, हे प्रेक्षकाला कळण्याचा मार्गच बंद होतो. ब्रिटनमधील ऑफकॉम या नियामक संस्थेच्या प्रसारण-संहितेत, संकलित केलेल्या बोलण्यातून बोलणाऱ्याची भूमिका न्याय्यपणे मांडली जावी, असे बंधन आहे. ही संहिता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. तिचा सातवा विभाग अवश्य पाहावा. वेळ अपुरा असेल, तर एक तांत्रिक उपायही आहे. बोलणाऱ्याचा आवाज पूर्ण चालू ठेवून चित्र आधीच पुढच्या दृश्यावर न्यावे. यालाच एल-कट म्हणतात. पुढचे दृश्य वेळेवर सुरू होते आणि ‘नाही’ ऐकू येते.

स्वाध्याय

१. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीची, तिच्या अनुमतीने, पाच मिनिटांची मुलाखत मोबाइलवर ध्वनिचित्रित करा आणि ती शब्दशः लिहून काढा. ‘नाही’, ‘असं’, ‘तर’ आणि ‘च’ अधोरेखित करा.

२. त्या मुलाखतीचे चाळीस सेकंदांचे संकलन करा. वगळलेल्या प्रत्येक तुकड्यापुढे तो का वगळला, हे एका वाक्यात नोंदवा.

३. संकलित भाग त्याच व्यक्तीला दाखवा आणि “मला हेच म्हणायचं होतं का?” या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर तिच्याच शब्दांत, पूर्ण वाक्यात लिहा.