आसन आणि त्याचे चार बोल्ट

बऱ्हाणपूरच्या राजघाटावर उभे राहिले म्हणजे तापीच्या पात्रात एक दगडी हत्ती दृष्टीस पडतो. सतराव्या शतकात या शहरी येऊन गेलेला फ्रेंच प्रवासी थेव्हेनो याने तापीतील या हत्तीचा उल्लेख केला आहे. झुंजीत मेलेल्या आपल्या आवडत्या हत्तीच्या स्मरणार्थ शहाजहानने तो उभारविला, असे तो लिहितो. बऱ्हाणपूर हे त्या काळी मोगलांचे दक्षिणेतील मोठे ठाणे होते, आणि हत्तीच्या पाठीवर हौदा चढविणे व उतरविणे हे तेथील माहुतांचे नित्याचे काम. आधी जाड गादी, तीवर हौदा, मग पोटाखालून आवळलेले दोर, आणि हौदा पुढे घसरू नये म्हणून शेपटीखालून घेतलेला आणखी एक दोर. हौद्यावरील नक्षी कितीही मोलाची असो, आत बसणाऱ्याचा जीव मात्र त्या दोरांवर अवलंबून असे.

चालत्या वाहनाशी माणसाला जखडून ठेवणे हेच आसनाचे पहिले कार्य होय. सुखाची गोष्ट त्यानंतरची. लहान क्रीडा मोटारीत हे तत्त्व विशेष स्पष्ट दिसते. आपल्याकडे १९९८ साली आलेली ‘सॅन स्टॉर्म’ किंवा दिलीप छाब्रिया यांनी २०१२ साली लोकांपुढे आणलेली ‘अवंती’ या अशाच दोन आसनी गाड्या. अशा गाडीत चालक जमिनीलगत बसतो. भोवती जागा बेताची, त्यामुळे आसनाखालचा गालिचा वाळवायचा झाला तरी आसन बाहेर काढणे भाग पडते. उघड्या छपराच्या गाड्यांत तर पावसाळ्यात पाणी निचरण्याच्या नळ्या पानाकचऱ्याने तुंबतात, पाणी आसनाखाली साचते आणि पत्रा गंजू लागतो. म्हणून आसन काढणे हा केवळ हौसेचा उद्योग नव्हे.

बहुतेक गाड्यांत आसन दोन रुळांवर सरकते, आणि हे रूळ गाडीच्या तळाला चार बोल्टांनी बांधलेले असतात. आसन मागे सरकविले की पुढचे दोन बोल्ट उघडे पडतात, पुढे सरकविले की मागचे दोन. येथवर काम सोपे वाटते. पण अलीकडच्या गाड्यांत आसनाखालून विजेच्या तारा जातात. त्यांतील काही पट्ट्याच्या कुलपाकडे, तर काही आसनाच्या कुशीत दडविलेल्या एअरबॅगकडे गेलेल्या असतात. एअरबॅगच्या तारांची जोडणी बहुधा पिवळ्या रंगाची असते, आणि तो रंग म्हणजे धोक्याची सूचना समजावी. म्हणून किल्ली काढून घ्यावी, बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितली असेल तितकी मिनिटे थांबावे. साठलेली वीज तेवढ्या वेळात ओसरते. त्यापूर्वी जोडणीला हात लावू नये.

जोडण्या सुटल्या की आसन मागे कलते करून, शक्य तर छप्पर उघडून, वरच्या बाजूने उचलावे. रुळांच्या कडा धारदार असतात. दाराच्या उंबऱ्यावर जाड कापड अंथरले नाही तर रंगावर ओरखडा उठल्यावाचून राहत नाही. दुसऱ्या माणसाची मदत घेणे केव्हाही चांगले. आसन बाहेर असताना सरकविण्याचा दांडा उगाच ओढू नये. एक रूळ पुढे व दुसरा मागे झाला, तर बसविताना चार भोके जुळत नाहीत. तारा सुटलेल्या असताना किल्लीही फिरवू नये, कारण गाडीची यंत्रणा तो दोष नोंदवून ठेवते आणि सूचनेचा दिवा मग सहज विझत नाही.

खरी कसोटी आसन परत बसवितानाच लागते. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १७ नुसार आसनाची बांधणी गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट धक्क्याला टिकावी लागते. पंधरा किलो वजनाचे आसन अशा धक्क्यात तीनशे किलोच्या जोराने पुढे झेपावते. शिवाय पुष्कळ गाड्यांत पट्ट्याचे कुलूप आसनालाच जडलेले असते. तसे असेल तर सत्तर किलोच्या माणसाचा चौदाशे किलोएवढा जोर येतो आणि त्याचाही मोठा वाटा याच बोल्टांवर पडतो. हा हिशेब ध्यानात घेतला म्हणजे हाताशी सापडला तो बोल्ट बसवून भागविणे किती घातक आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. बोल्टाच्या माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. तो त्याच्या ताकदीचा दर्जा होय. बदली बोल्ट त्याच दर्जाचा, त्याच लांबीचा आणि त्याच आट्यांचा असला पाहिजे.

चारही बोल्ट आधी हातानेच दोन-तीन आटे फिरवून धरावेत. हाताने फिरत नसेल तर आटा तिरपा लागला आहे असे समजावे, आणि पान्याचा जोर लावण्याऐवजी बोल्ट काढून पुन्हा सरळ लावावा. कारण तळाच्या पत्र्याला जोडलेली चाकी एकदा बिघडली की साध्या कामाचे मोठे काम होते. नंतर पुस्तिकेतील क्रमाने व मापाने, टॉर्क पाना वापरून ते आवळावेत. कमी आवळलेला बोल्ट हादऱ्यांनी सैल होतो, तर अति आवळलेला ताणून दुबळा होतो. जोडण्या लावून झाल्यावरच बॅटरी जोडावी.

मूळ आसन काढून तेच बसविणे हा गाडीतील बदल नव्हे. मात्र शर्यतीच्या गाड्यांसारखे निराळे आसन बसवू पाहणाऱ्याने दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई केली आहे, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. दुसरी गोष्ट कायद्याहून जवळची आहे. आसनातील एअरबॅग आसनाबरोबरच जाते, आणि तिच्या जागी नुसता देखणेपणा येतो.

काम संपले म्हणजे आसन पुढेमागे सरकवून दोन्ही रूळ खटकन अडकतात की नाही ते पाहावे. पट्टा लावून जोराने ओढावा. मग किल्ली फिरवावी. एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला तर ठीक; विझला नाही तर गाडी जाणत्या कारागिराच्या हाती द्यावी, आणि तोवर त्या आसनावर कोणालाही बसवू नये.