रकान्यात न मावणारे नास्तिक

भारतात नास्तिक किती असतील? २०११ च्या जनगणनेत एकशे एकवीस कोटींच्या देशात ज्यांची नोंद नास्तिक म्हणून झाली, ते जेमतेम तेहतीस हजार. भंडारा शहराच्या लोकसंख्येच्या निम्मेही नाहीत! त्यातले सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात, साडेनऊ हजारांच्या आसपास.

आता दुसरा आकडा बघा. प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये जवळपास तीस हजार भारतीय प्रौढांना विचारलं, देव मानता का? ९७ टक्के लोक हो म्हणाले. पण बौद्धांपैकी एक तृतीयांश लोक नाही म्हणाले. देशात २०११ साली ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांतले तीन चतुर्थांशांहून जास्त महाराष्ट्रात. लहान मुलं वगळून हिशेब केला तरी देव न मानणारे कित्येक लाख निघतात. एकीकडे तेहतीस हजार, दुसरीकडे लाखो! मग मोजणीच्या वेळी हे सगळे गेले कुठे?

कुठेच गेले नाहीत. धर्माच्या रकान्यात त्यांच्यापुढे ‘बौद्ध’ लिहिलं गेलं आणि ते शंभर टक्के खरं होतं. धर्म आहे, देव नाही. शिवाय आपल्याकडे घरादाराची माहिती बहुतेक वेळा कुटुंबप्रमुखच देतो. बाबा ओसरीत बसून सगळ्यांचा धर्म एका दमात सांगून मोकळे होतात. आतल्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीला वेगळं कोण विचारतो?

भंडारा जिल्ह्यात साधारण आठ माणसांमागे एक बौद्ध आहे. म्हणजे लाखांचा हा हिशेब इथे गल्लीगल्लीत राहतो. पण मला थक्क करते ती त्याहून जुनी गोष्ट. देव कमी करत जाण्याची या मातीला फार जुनी सवय आहे. किती जुनी? पवनीला चला.

वैनगंगेकाठच्या या गावात १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि जगन्नाथ टेकडीखालून बौद्ध स्तूप निघाला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकातला! तिथल्या शिल्पात नागाच्या आकृतीजवळ नावही कोरलंय: मुचरिंद. बुद्धावर फणा धरून पावसापासून त्याचं रक्षण करणारा हाच तो नाग. आणि बुद्ध? त्या काळच्या शिल्पांत बुद्धाची मूर्ती घडवतच नसत. रिकामं आसन, झाड, चक्र, पावलांचे ठसे, एवढ्यावर भागवत. ज्या धर्माने जग निर्माण करणारा देव मानला नाही, त्याचे शिल्पकार मधली जागा चक्क मोकळी सोडत होते, तीही आपल्या पवनीत.

पुढे तेराव्या शतकात चक्रधरस्वामी आले. भंडाऱ्याचे निळभट्ट भांडारेकर त्यांचे शिष्य झाले. महानुभाव पंथ काय सांगतो? देवता आहेत, असंख्य आहेत, पण मोक्ष देणं त्यांच्या हातात नाही. तो फक्त परमेश्वर देतो. म्हणजे गावोगावच्या देवतांचा दरारा एका वाक्यात उतरवला! गेल्या शतकात नागपूरच्या बाबा जुमदेवांनी ‘परमात्मा एक’ हा मार्ग दिला. भंडारा जिल्ह्यात त्यांचे सेवक गावोगावी भेटतील. मार्गात येणारं कुटुंब मूर्तिपूजा सोडतं, दारू सोडतं, अंगात येणं आणि बुवाबाजी यांच्याकडे पाठ फिरवतं. देव उरतो एकच आणि तोही निराकार.

आणि त्याच शतकात आलं १९५६. त्याच्या दोनच वर्षं आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथून साठेक किलोमीटरवर, नागपुरात, त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची. पुढे अवतार नाकारले, श्राद्ध नाकारलं. पिढ्यान् पिढ्या देवळाच्या दाराबाहेर ठेवलेल्या माणसांनी एका दिवसात तो सगळा देव्हारा सोडून दिला!

आता सांगा, याच जिल्ह्यातला एखादा एकोणीस वर्षांचा मुलगा घरात म्हणाला की मी देव मानत नाही, तर ते वारं बाहेरून आलं म्हणायचं का?

पण थांबा. घर श्रद्धाळू असेल तर मुलाच्या मनात शंका शिरतेच कशी? लहान मुलाचा मेंदू तर उलट दिशेने चालतो. डेबोरा केलेमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांना विचारलं, दगड टोकदार का असतात? मुलांनी कोणतं उत्तर निवडलं असेल? प्राण्यांनी त्यावर बसू नये म्हणून! अंग खाजलं तर घासता यावं म्हणून! प्रत्येक गोष्ट कुणीतरी कशासाठी तरी केली आहे, हे मुलांना शिकवावं लागत नाही. मग शंका येते कुठून?

कधी कधी ती शाळेच्या पटांगणातून येते. श्याम मानव यांनी १९८२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. तेव्हापासून विदर्भातल्या किती शाळांनी तिच्या कार्यकर्त्यांचा हा प्रयोग पाहिला असेल! कार्यकर्ता हवनकुंडात कागद आणि लाकडं रचतो. काडेपेटी नाही. वरून तुपासारखं काहीतरी ओततो आणि मंत्र पुटपुटतो. काहीच होत नाही. मुलं हसू लागतात. आणि एकदम धूर, मग जांभळट ज्वाळा! टाळ्या. मग तो गुपित फोडतो. कागदाखाली पोटॅशियम परमँगनेटची पूड होती, विहिरीत टाकायचं तेच लाल औषध. ओतलं ते तूप नव्हतं, ग्लिसरीन होतं. परमँगनेटमधल्या ऑक्सिजनमुळे ग्लिसरीनचं ऑक्सिडीकरण सुरू होतं, उष्णता साठत जाते आणि काही सेकंदांनी भडका उडतो. ते काही सेकंद म्हणजेच मंत्राची वेळ! यातला उशीर मला सगळ्यात विलक्षण वाटतो. रसायनं वेळ घेतात आणि बुवा तो वेळ मंत्राने भरून काढतो.

या प्रयोगाने देव नाही हे सिद्ध होतं का? मुळीच नाही. उघडा पडतो तो फक्त बुवा. पण मुलाच्या हाती एक प्रश्न लागतो: हे कसं केलं? आणि असा प्रश्न हवनकुंडापाशी थांबत नाही, तो घरी येतो.

घरी काय होतं ते आणखी नवलाचं. जोसेफ हेनरिक या संशोधकाने २००९ मध्ये एक कल्पना मांडली. मुलं मोठ्यांच्या बोलण्यावर फारसं जात नाहीत. मोठ्यांनी कशासाठी झळ सोसली ते बघतात. आई निर्जळी उपास करते, आजोबा अनवाणी पायी जातात, म्हणजे यात काहीतरी असणार. लहानपणी अशी कृती कमी पाहिलेले लोक मोठेपणी देव न मानण्याची शक्यता जास्त, हे नंतरच्या अभ्यासांतही दिसलं.

पण भंडाऱ्याच्या नातवाने काय पाहिलंय, काय ऐकलंय? आजोबांनी सगळ्यात मोठी झळ सोसली ती देव सोडताना. दीक्षा घेतल्यावर गावकीची कामं नाकारली आणि गावाचा रोष पत्करला. ‘परमात्मा एक’मध्ये आलेल्या काकांनी भावकीची नाराजी सोसली. घरात रोज सांगितली जाते ती श्रद्धेची गोष्ट, पण मुलापुढे उभं असतं धाडस. माझं मत ठाम आहे: नातू नास्तिक होतो तेव्हा तो घराविरुद्ध जात नाही, घरचंच शिकलेलं पुढे नेतो. धानाचे पऱ्हे एका बांधीत वाढतात आणि रोवणीला उपटून दुसऱ्या बांधीत लावतात, तसं आजोबांचं धाडस नातवाच्या प्रश्नात रुजतं.

घरात खटके उडतातच. हिंदू घरात ते आरतीवरून, जिवतीच्या पूजेवरून, लग्नातल्या विधींवरून उडतात. बौद्ध घरात देव नाही म्हटल्याने कुणी दचकत नाही, पण ‘मी वंदनेलाही बसणार नाही’ म्हटलं की आईचा चेहरा पडतो. मुस्लीम घरातल्या मुलाला किंवा मुलीला हे सगळ्यात जड जातं, कारण तिथे देव आणि धर्म वेगळे काढता येत नाहीत. बहुतेक तरुण म्हणूनच गप्प राहतात, प्रसाद हातात घेतात आणि आईला दुखवत नाहीत.

कायदा मात्र त्यांच्या बाजूने स्पष्ट आहे. डॉ. रणजित मोहिते आणि इतर दोघांना आपला कोणताही धर्म नाही असं राजपत्रात छापून हवं होतं. सरकारी मुद्रणालयाने नकार दिला. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदातल्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यात ‘मी कोणताही धर्म मानत नाही’ असं सांगण्याचाही हक्क येतो आणि धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार कुणावरही करू शकत नाही. त्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, हे भंडाऱ्याला सांगायला नको.

तेव्हा तुमच्या मुलीने किंवा मुलाने उद्या हा विषय काढला, तर आधी आजोबांची गोष्ट त्यांना सांगा, त्यांनी काय सोडलं आणि का सोडलं. आणि मग मुलांचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या.