मेणाच्या ठोकळ्यातलं फुप्फुस

मेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात धाप लागलेलं मूल आलं आणि उतार पडेना, तर त्याला साताऱ्याला हलवतात. तिथेही औषध लागू पडलं नाही आणि मूल गेलं, की कागदावर ‘न्यूमोनिया’ एवढंच उरतं. तो कशाने झाला, हे सांगण्याची शेवटची संधी पॅथॉलॉजीच्या टेबलावर असते. ते काम बघायला मी गेले आणि मायक्रोटोमपाशी, म्हणजे पातळ काप करणाऱ्या यंत्रापाशीच थांबले.

फॉर्मॅलिनमध्ये मुरलेला फुप्फुसाचा तुकडा अल्कोहोल आणि झायलीनमधून काढून मेणात बसवतात. तंत्रज्ञ ताई यंत्राचं चाक फिरवतात. ३-४ मायक्रॉनचे काप एकाला एक चिकटून सुटतात आणि कोमट पाण्यावरून काचेवर चढतात. हाताची लय जरा बिघडली की काप चुरगळतो.

रंगवलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली कारण सांगतो: गोवराच्या न्यूमोनियात अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी दिसतात. न्यूमोसिस्टिस ही बुरशी नेहमीच्या रंगात नीट ओळखू येत नाही, चांदीच्या प्रक्रियेत मात्र तिच्या भिंती काळ्याभोर उमटतात.

मला अस्वस्थ केलं ते तेलाने. तान्ह्याच्या नाकात आपल्याकडे मायेनेच तेल सोडतात, रडत्या बाळाला आडवं धरून एरंडेल किंवा तूप पाजतात. ते श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसात साचून राहतं. झायलीन नेमकं तेच विरघळवून टाकतं आणि काचेवर नुसत्या पोकळ्या उरतात. तेल पकडायचं तर तुकडा मेणात न घालता गोठवून कापायचा आणि ‘ऑइल रेड ओ’ने रंगवायचा. म्हणजे संशय आधी यायला हवा, आणि आईला कुणीतरी, दोष न देता, विचारलेलं असायला हवं.

तुकडा मिळणं हीच मोठी अडचण. पोलीस प्रकरण नसेल तर शवविच्छेदनाला घरच्यांची संमती लागते. लहान मुलांना आपल्याकडे पुरतात, तेही लगोलग. त्या घटकेला बापाला कुठल्या तोंडाने विचारायचं? शरीर न उघडता सुईने नमुने घेण्याची ‘मिट्स’ पद्धत याच अडचणीवर तोडगा म्हणून पुढे आली. मेळघाटात डॉ. आशिष सातव आणि सहकाऱ्यांनी गावोगावच्या बालमृत्यूंत आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूचा शोध घेतला, तो नाकातल्या बोळ्यावरून. पण बोळ्यावर विषाणू सापडला, तरी फुप्फुसातलं तेल त्यात दिसायचं नाही.

बामणोलीकडच्या, धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांत मूल घरीच गेलं, तर सुई घेऊन जाणाऱ्यालाही आधी लाँच गाठावी लागेल. रुग्णालयात संमती मिळते, तिथे तरी फॉर्मॅलिनमधला एक तुकडा मेणात न घालता राखून ठेवावा. फॉर्मॅलिनमध्ये तेल टिकतं. त्याला वेगळा खर्च नाही, फक्त बाटलीसोबतच्या चिठ्ठीवर कुणीतरी तसं लिहायला हवं.