परक्या घरी आधाराचा माणूस

सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी वर्षभरासाठी परदेशातील अनोळखी कुटुंबात राहावयास जातो, तेव्हा भाषेपेक्षा मौनच अधिक अडचणीचे ठरते. जेवण होताच तो खोलीचे दार लावून बसला, तर यजमानांना तो तुटकपणा वाटतो. त्याला मात्र घरच्या आठवणीने गहिवरून आलेले असते. हा गुंता वेळीच सोडविण्याचे काम स्वयंसेवकाचे.

पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना रुग्णवाहिकांतून नेणाऱ्या स्वयंसेवकांची 'एएफएस' ही संस्था १९४७ पासून शालेय विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीकडे वळली. आजही तिचा मोठा भार स्वयंसेवकच वाहतात. मात्र, केवळ सदिच्छा पुरेशी नसते. अमेरिकेत अशा विद्यार्थ्यांची देखरेख करणाऱ्या स्थानिक समन्वयकाला परराष्ट्र खात्याने ठरविलेले प्रशिक्षण पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. विद्यार्थी आणि यजमान या दोघांशीही त्याने दरमहा संपर्क ठेवणे बंधनकारक आहे. यजमान कुटुंबातील व्यक्तीला त्याच विद्यार्थ्याचे समन्वयक होता येत नाही; कारण तक्रार घरातल्यांविषयीच असली, तर ती सांगायची कोणाला?

प्रशिक्षणात शिकायचे असते ते बाजू न घेता ऐकणे आणि दोघांशी स्वतंत्रपणे बोलणे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गैरसमज आणि धोका यांतील फरक ओळखणे. पहिला संवादाने मिटतो. दुसऱ्याची शंका आली, तर 'कोणाला सांगणार नाही' असे वचन न देता, ती तत्काळ संस्थेला कळवावी लागते.