पेशवाई : लोकप्रिय कलांतील चित्रण

मराठी राज्यातील पेशव्यांच्या कारभाराचे (१७१३–१८१८) नाटक, कादंबरी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका यांतून घडविलेले दर्शन. पेशवे हे साताऱ्याच्या छत्रपतींचे प्रधान होते. तथापि लोकमानसात या काळाला राजघराण्याच्या इतिहासाचे स्वरूप आले, ते मुख्यत्वे या कलाकृतींमुळे.

या परंपरेचा आरंभ वि. ज. कीर्तने यांच्या थोरले माधवराव पेशवे (१८६१) या नाटकापासून होतो. कृ. प्र. खाडिलकरांच्या भाऊबंदकी (१९०९) या नाटकात नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतरचा (१७७३) गृहकलह आला आहे. प्रभातच्या रामशास्त्री (१९४४) या चित्रपटात रघुनाथरावास दोषी ठरविणारा न्यायाधीश नायक झाला. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या निवडक कागदांच्या ४५ खंडांमुळे (१९३०–३४) अस्सल साधने सुलभ झाली. पुढे रणजित देसाई यांची स्वामी (१९६२) आणि ना. सं. इनामदार यांची राऊ (१९७२) या कादंबऱ्यांनी या काळाला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. स्वामीवरील मालिका (१९८७) गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शित केली. रामशास्त्रीमध्ये प्रमुख भूमिका त्यांचीच होती.

इतिहास आणि कल्पित यांची सरमिसळ कशी रूढ होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘ध चा मा’ ही कथा. नारायणरावास ‘धरावे’ या आज्ञेतील अक्षर बदलून आनंदीबाईने ‘मारावे’ केले, असे ती सांगते. याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. तरीही ती भाषेत वाक्प्रचार होऊन बसली आणि एका ऐतिहासिक स्त्रीविषयीचा लोकमताचा निवाडा तिने कायम केला.

विजय तेंडुलकरांच्या घाशीराम कोतवाल (१९७२) या नाटकाने उलट बाजूने वाद निर्माण केला. नाना फडणिसाच्या चित्रणास तीव्र आक्षेप घेण्यात आला. सत्ता आपल्या सोयीसाठी क्रूर माणसे कशी घडविते, हा मात्र नाटकाचा खरा विषय होता. राऊवर आधारित बाजीराव मस्तानी (२०१५) या हिंदी चित्रपटात काशीबाई व मस्तानी यांना एकत्र नाचताना दाखविल्यावरून टीका झाली. मस्तानीविषयीची समकालीन माहिती त्रोटक असल्याने तिची प्रतिमा बव्हंशी कल्पनेवरच उभी राहिली आहे.

या चित्रणांचा भर पुण्यातील शनिवारवाडा, कौटुंबिक कलह, प्रेम आणि पानिपतचा पराभव (१७६१) यांवर आढळतो. मराठवाड्यातील उदगीरची लढाई (१७६०) पानिपत (२०१९) या चित्रपटात पुढील मोहिमेची प्रस्तावना म्हणून येते. गावोगावचा महसूल, सावकारी, जातिव्यवस्थेतील अन्याय आणि सामान्य रयतेचे जीवन यांना त्या मानाने कमी स्थान मिळते. पेशवे दप्तरात या विषयांची सामग्री विपुल असल्याने ही उणीव साधनांची नसून निवडीची आहे. त्यामुळे ही चित्रणे अठराव्या शतकाइतकीच आपापल्या निर्मितिकाळाचीही साक्ष देतात.