हे भांडण की सवाल-जवाब?



२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारी मराठी शाळेतून परत येताना आमच्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांनी गाडीत एक गाणे लावले. दोन-चार ओळी कानावर पडताच मी ते बंद केले. मागून आवाज आला, "बाबा, नुसत्या शिव्या ऐकू नका ना, उत्तर कसं दिलंय ते ऐका!"

गाणे होते केंड्रिक लमारचे 'नॉट लाइक अस'. रोख होता ड्रेक ह्या दुसऱ्या रॅपरवर. प्रतिस्पर्ध्याची अशी उघड खिल्ली उडवणाऱ्या गाण्याला 'डिस ट्रॅक' म्हणतात. मग चिरंजीवांनी माझी शिकवणीच घेतली!

ही रीत जुनी आहे. गाण्यांतली एक गाजलेली चकमक न्यूयॉर्कमधली. हिप-हॉप जन्मले ब्राँक्समध्ये. पण एम. सी. शॅनच्या 'द ब्रिज' ह्या गाण्यावरून लोकांना वाटले की क्वीन्सब्रिजची मंडळी तो मान स्वतःकडे घेत आहेत. ब्राँक्सच्या के.आर.एस.-वनने १९८६ मध्ये 'साउथ ब्राँक्स' गाऊन उत्तर दिले. शॅनने उलट उत्तर दिले, तेव्हा १९८७ मध्ये 'द ब्रिज इज ओव्हर' आले. पुढे हेच दोघे एका शीतपेयाच्या जाहिरातीत बॉक्सिंगच्या रिंगणात समोरासमोर दिसले!

हे ऐकताना मला आपले कलगी-तुरा आठवले. तुरेवाले शिवाला थोर मानणारे, कलगीवाले शक्तीला. एका फडाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने कवनातच जवाब द्यायचा. टोमणे असायचेच, पण हत्यार एकच, शब्द.

हत्यार बदलले की काय होते, तेही इथे घडले आहे. नोव्हेंबर १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत टुपाक शकूरवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला, पण एकेकाळचा मित्र बिगी ह्याच्यावरचा त्याचा विश्वास उडाला. १९९६ मध्ये त्याने 'हिट एम अप' काढले. त्यात कोट्या कमी, धमक्याच जास्त. त्याच सप्टेंबरात लास व्हेगासमध्ये टुपाकवर गोळीबार झाला आणि सहा दिवसांनी तो गेला. वय २५. मार्च १९९७ मध्ये लॉस एंजेलिसला बिगी मारला गेला. वय २४. गाण्यामुळेच हे घडले असे म्हणता येणार नाही, टोळ्यांची वैरेही होतीच. पण दोन आयांची मुले गेली.

ह्याउलट जे-झी आणि नास ह्यांचे उदाहरण घ्या. २००१ मध्ये एकाने 'टेकओव्हर' गायले, दुसऱ्याने 'ईथर'. जिव्हारी लागेल असे दोघेही बोलले. पण २००५ मध्ये न्यू जर्सीत एका कार्यक्रमात ते एकाच मंचावर उभे राहिले.

'नॉट लाइक अस'मधले आरोप आपल्या घरात उच्चारावेत असे नाहीत. त्या गाण्याला २०२५ मध्ये पाच ग्रॅमी मिळाली. ड्रेकने रेकॉर्ड कंपनीवर बदनामीचा दावा लावला, तो ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी फेटाळला. अशा जुगलबंदीतले बोल समंजस श्रोता वस्तुस्थिती म्हणून घेत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ड्रेकने त्यावर अपील केले.

खरी मेख इथेच आहे. समंजस श्रोता! चौदाव्या वर्षी तो आपोआप तयार होत नाही. शाळेत ह्याच चालीवर एखाद्या मुलाची टर उडवली, तर त्याच्याकडे ना माइक असतो, ना उत्तर. तिथे जुगलबंदी संपते आणि छळ सुरू होतो.

म्हणून आम्ही घरी एक तह केला आहे. गाणे मी बंद करणार नाही. पण धाकट्या बहिणीसमोर ते लागणार नाही, आणि ऐकून झाल्यावर चिरंजीवांनी मला सांगायचे की ह्यात कोटी कुठली आणि नुसती शिवी कुठली. अजून तरी तह टिकला आहे. परवा तर त्यांनीच मला विचारले, "बाबा, ते कलगी-तुऱ्याचं रेकॉर्डिंग कुठे मिळेल?"

कोणाकडे कॅसेट असल्यास कृपया कळवावे.