बीसीडी घेताना आधी पाठ मोजा

लहान चणीच्या स्त्रीने स्कूबासाठी बीसीडी, म्हणजे पाण्यात तरंगणं-बुडणं सांभाळणारं हवेचं जॅकेट, केवळ छातीचा घेर किंवा ‘लेडीज’ हे लेबल पाहून घेऊ नये. पहिलं माप पाठीच्या लांबीचं. जॅकेट लांब पडलं की कमरपट्टा नितंबांवर घसरतो, हवा भरताच सगळं कानांपर्यंत वर चढतं आणि टाकी पाठीवर डुलत राहते. शरीर आडवं ठेवण्यातच दम जातो, हवाही लवकर संपते.

‘उचल, म्हणजे जॅकेटची वर धरून ठेवण्याची ताकद, जितकी जास्त तितकी सुरक्षितता जास्त’ असं अनेकांना वाटतं. हिशेब वेगळं सांगतो. 11 लिटरच्या टाकीत 200 बार दाबाने भरलेल्या हवेचं वजन साधारण अडीच किलो; बुडीच्या सुरुवातीला तेवढं जादा वजन जॅकेटने पेलायचं असतं. तारकर्लीसारख्या उबदार समुद्रातला पातळ वेटसूट खोलीवर दबून आणखी एक-दोन किलो उचल गमावतो. डोकं पाण्याबाहेर ठेवण्याची गरज धरूनही 10-12 किलो पुष्कळ झाले. मोठ्या पिशवीत हवा इकडेतिकडे पळून तोल बिघडतो. थंड पाण्यात जाड सूट घालणारीने मात्र हा आकडा वाढवलाच पाहिजे.

जॅकेटऐवजी बॅकप्लेट आणि विंग, म्हणजे पाठीवरची धातूची प्लेट आणि तिला जोडलेली हवेची पिशवी, नवशिकीला अवघड, हा आक्षेप अर्धाच खरा. पट्टे जुळवायला वेळ लागतो, पण ते अंगाच्या मापाने बसतात. पोलादी प्लेट शिशाचं वजनही कमी करते. होडीवर जड वाटली तर ॲल्युमिनियमची मिळते. प्लेटही आखूड हवी. काहीही निवडा, वेटसूटवर चढवून पूर्ण फुगवा आणि खोल श्वास घेऊन पाहा. छाती आवळली तर ते माप तुमचं नाही.